ट्रॅकवरचा शनिवार-रविवार : वाचकांचे प्रश्न

घरची गाडी घेऊन ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवशी, जाणाऱ्यांनी आणि तिथे नवशिक्यांना शिकवणाऱ्यांनी प्रश्न पाठवावेत, असं आवाहन आम्ही केलं होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. बऱ्याच पत्रांत इंजिन रिमॅप, मोठा सायलेन्सर, रुंद चाकं यांची चौकशी आहे. ती पत्रं आम्ही सध्या बाजूला ठेवली आहेत. ज्याच्या गाडीचं ब्रेक ऑइल दोन वर्षं बदललेलं नाही, त्याने ताकद वाढवण्याचा विचार अजून करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. खालचे प्रश्न त्या आधीच्या पायरीचे आहेत.

पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, पन्नास हजार किलोमीटर चाललेली. कोइमतूरच्या दोन दिवसांच्या ट्रॅक डेला नाव दिलंय, पंधरा दिवस हातात आहेत. बजेट मोजकं आहे. गाडीचं काय काय करून घेऊ? — चोपडा

खर्चाचा क्रम असा ठेवा: ब्रेक ऑइल, पॅड, टायर, मग बाकीचं. ट्रॅक डेला वेळ मोजून नंबर काढत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांची सत्रं असतात, नवखे आणि सरावलेले यांचे गट वेगळे असतात, आणि ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हाताने वाट दाखवल्यावर. तरीही एका सत्रात ब्रेक जितके तापतात तितके ते चोपडा-जळगाव रस्त्यावर महिनाभरात तापत नाहीत.

ब्रेक ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका. छोट्या गाडीला अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या पुरतात. बाटलीवर ऑइलचा दर्जा ‘डॉट’ने लिहिलेला असतो. डॉट ४ चालेल, डॉट ५.१ त्याहून बरं. डॉट ५ हे नाव जवळचं वाटलं तरी ते सिलिकॉनचं आहे, ते यात मिसळायचं नाही. गेल्या वर्षी उघडलेली बाटली गॅरेजच्या फळीवर असेल तर ती वापरू देऊ नका.

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. पातळ पॅड लवकर संपतो ही भीती आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की डिस्कची उष्णता पातळ पॅडमधून थेट कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत पोचते. नवे पॅड बसवले तर ते रुळवून न्या. पहाटे मोकळा रस्ता पाहून, मागे कोणी नाही याची खात्री करून, साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका. मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी चालवून डिस्क निववा.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचं रबर कडक झालेलं असतं, नक्षी कितीही खोल दिसो. बाजूवर फुगवटा किंवा चीर असेल तर तो टायर ट्रॅकवर न्यायचाच नाही.

चाकांचे नट टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येतं त्या पान्याने, आवळा. छोट्या गाड्यांत आकडा साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या मध्ये असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पहिल्या सत्रानंतर चाकं गार झाल्यावर पुन्हा तपासा. हवेच्या गनने आवळलेल्या नटावर भरवसा ठेवू नका. काही सैल राहतात, काही इतके आवळले जातात की स्टड ताणला जातो.

इंजिन ऑइल वरच्या खुणेजवळ ठेवा. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. खुणेच्या वर मात्र भरू नका. पेट्रोलही पाव टाकीखाली जाऊ देऊ नका, तिथेही तोच प्रकार होतो आणि ऐन वळणात गाडी झटके देते. ट्रॅकवर पेट्रोल नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं, तेव्हा जवळचा पंप आदल्या दिवशीच पाहून ठेवा. कूलंट, रेडिएटरचं झाकण आणि नळ्या बघा. डिकीतून जॅक, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या, सीटखालून छत्री, सगळं बाहेर काढा आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅटही. पेडलखाली अडकलेला मॅट किंवा बाटली ही टाळता येण्याजोगी आणि तरीही वारंवार घडणारी गोष्ट आहे. गाडी ओढायचा हूक तेवढा हाताशी ठेवा.

कोइमतूरची निवड चांगली केलीत. करी मोटर स्पीडवे सुमारे २ किलोमीटरचा आहे, वेग बेताचे राहतात आणि एका मिनिटात बरीच वळणं हाताखालून जातात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचा आहे, त्याचा लांब पट्टा एक किलोमीटरहून मोठा. तिथे साधी हॅचबॅकही दीडशेच्या पुढे जाते. ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून १६० वरून थांबवताना १२० च्या मानाने जवळजवळ पावणेदोन पट उष्णता होते. कंपनीचे पॅड आणि जुनं ऑइल घेऊन तिथे पहिल्यांदा जाऊ नये.

ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीत ब्रेकचं पेडल एकदम खोल गेलं. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक लागला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सगळं तपासलं, पेडल टणक, गळती कुठेही नाही. मग झालं काय? — भुसावळ

ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, रबरी नळ्यांतूनही ती आत शिरते. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या डॉट ४ ची ठरलेली किमान मर्यादा १५५ अंशच आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. कॅलिपरजवळचं ऑइल त्या मर्यादेपलीकडे गेलं की त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर वाफ चेपण्यात जातो आणि पेडल खाली बसतं. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि मेकॅनिकला सगळं ठीक दिसतं. तुमच्या मेकॅनिकने काही चुकवलेलं नाही, पण ते ऑइल आता टाकून द्या.

पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर कारण वेगळं. तेव्हा पॅड तापून घसरायला लागलेला असतो. पॅडवर काचेसारखी चमक दिसेल. त्याला जास्त उष्णता सोसणारे पॅड हवेत, ऑइल बदलून फरक पडणार नाही.

ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. आधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं काळपट ऑइल सिरिंजने काढून नवं भरा. मग चाकाच्या निपलवर, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोटीवर, रिंग पाना बसवा, त्यावर पारदर्शक नळी, आणि नळीचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आतल्या माणसाने पेडल सावकाश दाबून धरायचं, बाहेरच्याने निपल पाव फेरा उघडायचा, ऑइल आलं की बंद करायचा, त्यानंतरच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा आत ओढली जाते. बुडबुडे थांबून स्वच्छ रंग येईपर्यंत हेच करत राहा. आपल्याकडच्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत सर्वात लांबचं चाक बहुधा मागचं डावं असतं आणि तिथून सुरुवात करतात, पण मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) पेटीत हवा शिरली तर ती बाहेर काढायला स्कॅनर लागतो, आणि तो रविवारी ट्रॅकवर मिळत नाही. बऱ्याच गाड्यांत क्लचही याच टाकीतून ऑइल घेतो, तोही धुऊन घ्या. सांडलेल्या थेंबावर लगेच पाणी मारा, रंग खातं ते.

ट्रॅकवर असताना पेडल किंचित जरी लांब गेलं तरी त्या फेरीत वेग उतरवून पिटला, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेला, या. शेवटची फेरी ब्रेक शक्यतो न वापरता घ्या. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून राहिला तर तिथेच त्याचा ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरतं. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका हे तर सांगायलाच नको.

आमच्याकडे उन्हाळ्यात पंक्चरवाला म्हणतो हवा कमी ठेवा, टायर फुटेल. ट्रॅकला जाताना किती ठेवू? — शहादा

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची समजूत उलटी आहे. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, बाजू जास्त वाकते, त्यानेच तो तापतो आणि फुटतो. दाराच्या चौकटीवरचा आकडा हाच रस्त्यासाठी आधार.

ट्रॅकवर मात्र हवा गरम असताना मोजायची. २५ अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर ६५ अंशांपर्यंत तापला की सुमारे ३८ दाखवतो. घरच्या हॅचबॅकला गरम असताना ३४ ते ३८ च्या मधला आकडा बहुतेक वेळा जुळतो. तुमचा नेमका आकडा टायरच सांगेल. बाजू आणि नक्षी जिथे मिळतात त्या कडेवर खडूने आडव्या रेघा मारा आणि सत्र संपवून या. खडू बाजूवर खालपर्यंत पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, २ पीएसआय वाढवा. कडेपर्यंत पुसलाच नसेल तर २ कमी करा. हवा कमी-जास्त करायची ती सत्र संपल्यावर लगेच, अर्ध्या तासाने नाही. चारही टायर सारखे तापत नाहीत. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर डावीकडचे जास्त तापतात, म्हणून प्रत्येकाचा आकडा वहीत वेगळा लिहा. आणि स्वतःचा गेज न्या, प्रत्येक पंपाचा काटा वेगळं बोलतो.

खान्देशातून जाणाऱ्यांनी दोन गोष्टी जपायच्या. दुपारी ४२ अंशांत ३२ भरून निघालात आणि कोइमतूरला पहाटे २५ अंशांत मोजलंत, तर गेज साडेएकोणतीस दाखवेल. टायर गळत नाहीये, हवा आकसली आहे. आणि परतीच्या आधी विसरू नये अशी गोष्ट: गरम असताना ३६ वर आणून ठेवलेला टायर रात्री गार होऊन ३० वर येतो. सामानाने भरलेली गाडी, दिवसभराचा महामार्ग आणि ३० ची हवा, हे जोडीला नको. निघण्याआधी गार टायरमध्ये चौकटीवरचा आकडा भरा.

पिथमपूरचा नॅट्रॅक्स ट्रॅक धुळ्याहून चार-पाच तासांवर आहे. एवढ्या लांब दक्षिणेत जायचं कशाला? — शिरपूर

नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणीचं केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, आपण गाडी घेऊन गेलो आणि चालवली असं तिथे होत नाही. शिवाय शिकणाऱ्याला त्या प्रकारच्या ट्रॅकचा उपयोग थोडाच. कललेल्या लांब वळणावर पाय दाबून ठेवण्यात ब्रेकिंग, गिअर, रेषा, नजर यांपैकी काहीच शिकायला मिळत नाही. जवळचं हवं असेल तर कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्ट ट्रॅक पाहा. कार्टला सस्पेन्शन नसतं, म्हणून स्टेअरिंगचा प्रत्येक आडदांडपणा लगेच अंगावर येतो, आणि दोन दिवसांत हात मऊ होतात. आधी कार्ट आणि मग गाडी, हा क्रम आम्हाला फार पटतो.

मी काही वर्षं ट्रॅकवर चालवते. आता आयोजकांनी नवशिक्यांच्या शेजारी बसून शिकवायला सांगितलंय. माझ्या बाजूला ब्रेक नाही, स्टेअरिंग नाही. काय बोलायचं, कधी बोलायचं, आणि कुठे थांबवायचं? — धुळे

ताई, या स्तंभाला आलेला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न. चालवणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि वेगात असलेले पुष्कळ ड्रायव्हर शेजारच्या सीटवर निरुपयोगी ठरतात.

गाडी सुरू होण्याआधी पिटमध्ये दहा मिनिटं घ्या. गाडीला एबीएस आहे का, याआधी ट्रॅकवर आलेत का, रात्री झोप झाली का, पाठीचा-रक्तदाबाचा त्रास आहे का, हे विचारा. मग सीट बसवा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, हेल्मेट छताला लागता कामा नये. हात घड्याळाच्या नऊ आणि तीनवर. निम्म्या विद्यार्थ्यांची चालवण्यातली ओढाताण सीट पुढे घेतल्यावरच कमी होते. तुमचा पट्टा आणि तुमची सीटही तितक्याच काळजीने पाहा.

शब्द आधी ठरवा. पाचच पुरतात: ब्रेक, सोड, वळ, रेस, हळू. यातला ‘सोड’ फक्त ब्रेकसाठी ठेवा. रेस कमी करायला ‘हळू’ म्हणा, नाहीतर ऐन वळणात विद्यार्थ्याला कळत नाही काय सोडायचं, आणि तो सगळंच सोडतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत वळणाच्या मध्यावर रेस एकदम सोडली की वजन पुढे येतं, मागचे टायर हलके होतात आणि शेपूट फिरतं. ‘नको, नको’ हा शब्द वर्ज्य करा. काय करायचं ते सांगा, काय करू नये ते ऐकून हात हलत नाहीत. खिडक्या उघड्या असतात, वारा आणि इंजिनचा आवाज असतो, म्हणून हेल्मेटमधला इंटरकॉम घ्या आणि तो बंद पडला तर कामी येतील अशा हाताच्या खुणाही ठरवा. तळहात आडवा खाली म्हणजे वेग कमी, मूठ म्हणजे पिटला चल.

बोलण्याची वेळ हिशोबाने ठरते. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. तीन सेकंदांचं वाक्य म्हणजे ८० मीटरहून जास्त. म्हणून ब्रेक लावायच्या खुणेजवळ वाक्य सुरू केलंत तर ते संपेपर्यंत वळण निघून गेलेलं असतं. समजावणं सरळ पट्ट्यावर, वळणात एकेक शब्द. आणि झालेल्या चुकीवर पुढच्या वळणात बोलू नका, तोवर तो पुढचं वळण चुकवतो.

पहिलं सत्र साठ-सत्तर टक्के वेगाने, एकाच गिअरमध्ये, ब्रेक जवळजवळ न वापरता घ्यायला लावा. विद्यार्थ्यांना हे आवडत नाही. तरी सोडू नका. ब्रेक नाही म्हटल्यावर वळणात नेमक्या वेगाने शिरावं लागतं, मग रेषा दिसायला लागते: बाहेरून शिरायचं, आतल्या कडेच्या जवळात जवळच्या बिंदूला, म्हणजे एपेक्सला भिडायचं, पुन्हा बाहेर मोकळं व्हायचं. याच फेऱ्यांत झेंडे दाखवणाऱ्या मार्शलच्या चौक्या मोठ्याने मोजायला लावा. पिवळा झेंडा म्हणजे धोका, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आली आहे. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटला या. काळा तुमच्याकडे दाखवला तर तुम्ही पिटला या. मध्येच विचारा, मागच्या चौकीवर कोणता झेंडा होता? उत्तर आलं नाही तर त्याचं डोकं भरलेलं आहे, वेग उतरवा.

दुसऱ्या सत्रात ब्रेकिंग. सरळ रेषेत, आधी जोरात आणि मग सोडत जाणं. नवखे उलट करतात, हळूच सुरू करून शेवटी घाबरून दाबतात. वळता-वळता ब्रेक सोडत नेण्याचं तंत्र पहिल्या शनिवार-रविवारी शिकवू नका. टायरची पकड एकच आहे, ती ब्रेक आणि वळण यांत वाटली जाते. स्टेअरिंग आणि पेडल एका दोरीने बांधलेत असं समजायला सांगा, स्टेअरिंग जितकं वळेल तितका पाय वर आला पाहिजे. तिसऱ्या सत्रापर्यंत तुमचं बोलणं निम्म्यावर यायला हवं. ते येत नसेल तर तुम्ही गाडी चालवताय, तो नाही.

जवळजवळ प्रत्येक अडचणीचं मूळ नजरेत असतं. विद्यार्थी बोनेटच्या पुढे दहा मीटरवर बघतो. ब्रेक लावताना एपेक्स बघायचा, एपेक्सला पोचण्याआधी बाहेर पडायची कड बघायची. बोटाने दाखवा. हात लांब करून काचेतून दिशा दाखवली की डोळे आपोआप जातात.

स्टेअरिंगला हात लावणार असाल तर आधी सांगून ठेवा, आणि तळव्याने थोडं ढकलण्यापलीकडे जाऊ नका. हँडब्रेक कधीही ओढायचा नाही. झेंडा चुकला, सांगितलेलं दोनदा ऐकलं नाही, बोलण्याला उत्तर येणं बंद झालं, किंवा एकाच वळणात तिसऱ्यांदा उशीर झाला, तर मूठ दाखवा आणि पिटला आणा. त्यात चर्चा नाही. हे आधीच कबूल करून घेतलेलं असावं, आणि कबूल न करणाऱ्याच्या गाडीत बसू नये.

सत्रानंतर पाच मिनिटं गाडीतच बसा. आधी त्याला बोलू द्या. मग एक जमलेली गोष्ट आणि एकच सुधारायची गोष्ट, त्याच्या वहीत त्याच्याच हाताने लिहून. पाच गोष्टी सांगितल्या तर पुढच्या सत्रात पाचही अर्धवट होतात. दिवसाला दोनपेक्षा जास्त विद्यार्थी घेऊ नका, तिसऱ्याला तुमचं उरलेलं लक्ष मिळतं. आणि स्वतःचा भाऊ, नवरा, मुलगी यांना दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे द्या. घरचं माणूस ‘थांब’ म्हटल्यावर वाद घालतं.

पुतण्याला वळणांचा नाद लागलाय. पहाटे तोरणमाळच्या घाटात मित्रांबरोबर जातो. घराजवळ शिकायची दुसरी सोय होईल का? — नंदुरबार

भाऊ, घाटातलं आजच बंद करा. समोरून येणारी एसटी, वळणावर बसलेली गुरं, रस्त्यावर आलेला मुरूम, यांतलं काहीच त्याच्या हातात नाही, आणि ट्रॅकवर असते तशी सुटलेल्या गाडीला थांबायला मोकळी जागाही नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

सोय होईल. आपल्या भागात कापसाच्या जिनिंगची आवारं आहेत, काँक्रीट केलेली, आणि हंगाम संपल्यावर रिकामी. मालकाची लेखी परवानगी घ्या. काय बघायचं: १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद मोकळी जागा, वजनकाटा आणि उघडे खड्डे यांपासून लांब, काँक्रीटचे सांधे वर न आलेले. सर्वात आधी आवार झाडून घ्या. गाडीखाली अडकलेली सरकी-कापूस तापलेल्या सायलेन्सरवर पेट घेते. निदान दोन किलोचं अग्निशामक भरून, हाताशी. एका वेळी एकच गाडी, बाकीचे सगळे भिंतीच्या मागे.

प्लॅस्टिकचे बारा कोन आणा, विटा-दगड नाही. पहिला सराव ब्रेकचा. ५० च्या वेगाने कोनापाशी पोचून पूर्ण दाब. चांगल्या टायरवर, कोरड्या काँक्रीटवर गाडी साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते. एबीएसचं पेडल पायाखाली धडधडतं आणि नवखा दचकून पाय उचलतो, तो उचलायचा नाही हे अंगात भिनेपर्यंत करा. मग हेच एका कोनाला वळसा घालत, कारण एबीएसचा खरा उपयोग तोच, ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते.

दुसरा सराव वर्तुळाचा. १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. हळूहळू वेग वाढवत नेला की ३५ ते ४० च्या दरम्यान पुढचे टायर कुरकुरायला लागतात आणि गाडी बाहेर सरकते. स्टेअरिंग आणखी वळवलं तरी ती वळत नाही. अशा वेळी स्टेअरिंग थोडं सैल करून रेस हळू कमी करायची, म्हणजे पकड परत येते. टायरची हद्द कशी वाटते हे ४० च्या वेगाला कळतं, त्यासाठी घाट लागत नाही. टँकर सांगून तेच वर्तुळ ओलं केलंत तर ती हद्द आणखी कमी वेगावर येते आणि टायरही कमी झिजतात. तिसरा सराव १५ मीटर अंतरावर एका ओळीत ठेवलेल्या कोनांतून नागमोडी, तीस-पस्तीसच्या वेगाने. पुढचा कोन न बघता त्याच्या पलीकडचा बघायचा.

एका सकाळी दीड-दोन तास पुरे. एप्रिल-मेमध्ये साडेआठनंतर काँक्रीटच तापतं, टायर आणि माणूस दोन्ही थकतात.

ट्रॅकवर गाडी ठोकली तर विमा मिळतो का? — पारोळा

बहुधा नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्यांत आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि विश्वासार्हतेची चाचणी वगळलेली असते. ‘ही शर्यत नाही’ हा युक्तिवाद कंपनी मान्य करेल असं धरून चालू नका. जेवढं नुकसान खिशातून भरता येईल तेवढ्याच गाडीने जा. वैयक्तिक अपघात विम्यातही साहसी खेळ वगळलेत का ते वाचा. आयोजकांना विचारा: रुग्णवाहिका, डॉक्टर आणि आग विझवणारं पथक सत्राच्या पूर्ण वेळ हजर असतं का? टाळाटाळीचं उत्तर आलं तर पैसे भरू नका.

दोन चाकं ट्रॅकबाहेर गेली तर काय करायचं? आणि गाडी गोल फिरली तर? — पाचोरा

दोन चाकं मातीत गेली की पहिली ओढ स्टेअरिंग ओढून परत येण्याची असते. त्यानेच उलटतात. मातीत पकड नसते म्हणून स्टेअरिंग जास्त वळवलं जातं, चाक डांबरावर चढलं की पकड एकदम मिळते आणि गाडी झटक्यात पलीकडे फेकली जाते. स्टेअरिंग सरळ धरा, रेस हळू सोडा, ब्रेक नको, वेग उतरू द्या, मग मागून कोणी नाही हे पाहून अलगद वर या. त्यानंतर थेट पिटला. रेडिएटरसमोर माती आणि टायरमध्ये खडे असतात, ते दुसऱ्यांच्या वाटेवर सांडायचे नाहीत.

गाडी फिरायला लागली आणि सावरत नाही हे कळलं की क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नका. क्लचमुळे इंजिन बंद पडत नाही, आणि ब्रेक दाबलेला असल्यामुळे गाडी एका ठरलेल्या दिशेने घसरत जाते, मागच्यांना तुमचा अंदाज येतो. मध्येच ब्रेक सोडला तर चाकं पकड घेतात आणि गाडी भलतीकडे उडते. थांबल्यावर गाडीतच, पट्टा बांधून, मार्शल सांगेपर्यंत बसा. बाहेर फक्त आग लागली तरच उतरायचं.

दुपारच्या सत्रात हात जड होतात, लक्ष उडतं. काय खावं, काय प्यावं? — अमळनेर

हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद एसी. घाम बराच जातो आणि तहान उशिरा लागते. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून दर सत्रानंतर पेलाभर घ्या. कपडे सुती घाला. पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं. सकाळी पोहे-केळी, दुपारी वरण-भात किंवा दही-भात. तर्रीदार शेवभाजी संध्याकाळी. दुपारचं शेवटचं सत्र हे अपघातांचं सत्र असतं, टायर, ब्रेक आणि माणूस तिन्ही थकलेले. जड वाटलं तर ते सोडून द्या, पैसे गेले म्हणून चालवू नका. रविवारी रात्रीच परतीला निघू नका, हजाराहून जास्त किलोमीटरचा रस्ता झोपेनंतरच.

बाइकचं आयएसआय हेल्मेट गाडीत चालतं का? — साक्री

बरेच आयोजक ट्रॅक डेला चालवून घेतात, आधी विचारा. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या गाडीसाठीच्या एसए प्रकारात आतलं अस्तर आगीला टिकणारं असतं. बाइकच्या एम प्रकाराला ती अट नाही. वर्षातून दोनदाच जाणार असाल तर चांगलं, पूर्ण चेहऱ्याचं आयएसआय हेल्मेट ठीक. नियमित शिकवणाऱ्यांनी एसएच घ्यावं. वापरलेलं विकत घेऊ नका, आत बसलेला मार बाहेरून दिसत नाही. दुकानात पट्टा बांधून मान पुढे वाकवा आणि दुसऱ्याला मागची कड वर ढकलायला सांगा. निघून आलं तर एक माप लहान घ्या.